डाव्याला टेलपर्यंत पाणी पोचतं का?

अमेरिकेतल्या एका डाव्या मासिकाचा इतिहास हा विषय घेऊन बोलायला उभं राहिलं की माणसं कशी झोपतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पुण्यात मी त्यावर दोनदा बोलले. पहिल्या वेळी माझे यजमान झोपले, दुसऱ्या वेळी अध्यक्ष. भावाकडे शिकागोला सहा महिने राहिले होते, तेव्हा सगळे लोक धबधबे बघायला जात आणि मी तिथल्या ग्रंथालयात त्या मासिकाचे जुने गठ्ठे उपसत बसे. मासिकाचं नाव मुद्दामच सांगत नाही. ते अजूनही निघतं आणि तिथली माणसं एकमेकांवर रुसून आहेत, उगाच कशाला तेल ओता! पण त्या गठ्ठ्यांनी मला वेड लावलं होतं खरं, आणि कुणीतरी एकदा जागं राहून ते ऐकावं एवढीच माझी इच्छा होती.

नव्वदीतली गोष्ट. रशिया नुकताच कोसळला होता, डाव्यांचं आता कसं होणार असं जो तो विचारत होता, आणि पुण्यात तर विचारायचंही बंद झालं होतं. अशात बारामतीच्या एका वाचनालयाचं बोलावणं आलं. ग्रंथपाल कदम फोनवर म्हणाले, "विषय तुमच्या आवडीचा घ्या, मॅडम. गर्दीची हमी नाही, पण चहा चांगला असतो." इतका प्रामाणिक संयोजक मला आजवर भेटला नव्हता. मी पिशवी भरली.

बारामती

थंडीचे दिवस होते. सगळ्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, आणि हवेत कारखान्याच्या मळीचा तो आंबूस वास. पुण्याहून येणारा माणूस आधी नाक धरतो आणि मग तासाभरानं विसरतो. मीही विसरले.

वाचनालयाच्या दाराशी काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: 'अमेरिकेतील एका डाव्या मासिकाचा इतिहास'. समोर पंधराएक माणसं. त्यातले चार निवृत्त शिक्षक, म्हणजे ते झोपणार हे नक्की. पहिल्या रांगेत मात्र एक तिशीची बाई ताठ बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला, आणि हातात पेन. मी बोलत होते तोवर ती एकदाही हलली नाही. मी मनात म्हटलं, देवा, आलं एकदाचं कुणीतरी!

प्रश्नोत्तरांच्या वेळी तीच उभी राहिली.

"मॅडम, तितल्या डाव्याला टेलपर्यंत पाणी पोचतं का?"

मी थक्क झाले. टेल म्हणजे शेपूट, शेवट. डाव्या विचारांचं पाणी शेवटच्या माणसापर्यंत पोचतं का, असं ही विचारत होती. आख्खं राज्यशास्त्र तिनं एका वाक्यात आणलं होतं. मी भारावून म्हणाले, "नाही पोचत हो. मधेच मुरतं."

"वरचे खेचून घेत्यात?"

"अगदी बरोबर. वरचे खेचतात."

"आमच्याकडं बी त्येच हाय," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. "आन् तितं उजवा बी हाय का?"

"आहे तर! सध्या उजवाच जोरात आहे."

"उजव्याला पाणी जास्त सोडत्यात?"

"पाणी, पैसा, सगळंच सोडतात."

मागं कदम खाली मान घालून हसत होते. त्यांचे खांदे हलत होते. मला राग आला. इतका गंभीर संवाद चाललाय आणि हा माणूस हसतो! मी त्यांना तसं म्हणालेही. तेव्हा ते डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, त्या कालव्याचं विचारतायत."

आता जे बारामतीकडे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, म्हणजे डाव्या हाताला जो कालवा निघतो तो डावा. उजवा पलीकडच्या तीरावर, दुसऱ्या जिल्ह्यांत. बारामती-इंदापूरकडची शेती या डाव्यावर. लोक नुसतं 'डावा' म्हणतात. डावा सुटला, डावा आटला, डाव्याचं रोटेशन, म्हणजे पाण्याची पाळी, लांबलं. कालव्याचं शेवटचं टोक ते टेल. तिथं डावा म्हटल्यावर पक्ष, विचार, क्रांती असलं काही कुणाच्या मनात येत नाही.

मी कपाळाला हात लावला. ती बाई आधी बावरली, मग तिला माझ्या "पाणी, पैसा, सगळंच"चा उलगडा झाला असावा, कारण ती तोंडाला पदर लावून जी हसायला लागली ती थांबेचना. मग मीही. एक निवृत्त शिक्षक जागे झाले.

तिचं नाव लता. गाव निरवांगी, इंदापूर तालुका. बारावीपर्यंत शिकलेली. ती दर पंधरवड्याला एक पेपर काढायची, म्हणजे पाठपोट एक कागद. नाव 'डावा काठ'. हातानं स्टेन्सिल कोरायची, बारामतीच्या टायपिंगच्या क्लासात सायक्लोस्टाइल करून घ्यायची. पाण्याची पाळी कुणाची कधी, बाजारात कांदा काय भावानं गेला, कुणाची शेळी हरवली, कुणाची पोरगी दहावी पास झाली, असलं सगळं त्यात. टायपिंगच्या क्लासात तिनं माझ्या व्याख्यानाचं ऐकलं, आणि तिला वाटलं, अमेरिकेतही डावा आहे आणि त्याच्याही काठावर कुणीतरी मासिक काढतंय! त्यांचं कसं चालतं ते विचारायला ती वडापची, म्हणजे भरेल तशी सुटणारी जीप धरून आली होती.

"एवढ्या लांब, मासिकाचा इतिहास ऐकायला?" मी विचारलं.

"रविवारी माझा पेपर बंद करायला बसणार हायती," ती म्हणाली. "देवळापुढं. भावकी जमणार. आमचे आबा, म्हंजी माझे सासरे, त्ये म्हणतील तसं व्हायचं. त्यांनी बंद म्हटलं की बंद."

"का पण?"

"गेल्या अंकात मी लिवलं की पाळी नसताना एका वजनदार शेतकऱ्यानं सायफन टाकून पाणी घेतलं. नाव न्हाय घातलं. पर सगळ्यांनी वळखलं. आमचे चुलत सासरे हायती, तात्या."

पाळी नसताना पाटात पाइप टाकून पाणी ओढायचं, त्याला सायफन टाकणं म्हणतात, हे मला कदमांनी सांगितलं.

लतानं पेन पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, लग्न झाल्यापासनं मला कुणी नावानं हाक मारत न्हवतं. अमक्याची सून, तमक्याची बायको. पेपर काढला तवापासनं दूध डेअरीवर म्हाताऱ्या बाया बी म्हणत्यात, लता, आमचं बी छाप गं. त्यो बंद झाला तर मी पुन्यांदा सूनच." आणि मग, "तुमी चला. त्या अमेरिकेतल्या मासिकाला कुणी बंद करायला आलं व्हतं का, त्येवढं आबास्नी सांगा."

आलं होतं. कितीदा तरी आलं होतं! मी दुसऱ्या दिवशी पुण्याला परतायचं ठरवून आले होते. कदमांच्या टेबलावरून घरी फोन केला. यजमान म्हणाले, "जा की. तिथं तरी कुणी ऐकतंय." त्या 'तरी'वर मी फोन ठेवला.

जंक्शनच्या पुढं

वडापच्या जीपमध्ये किती माणसं मावतात, याचं उत्तर ड्रायव्हरकडेही नसतं. माझ्या एका बाजूला लता, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी कोंबड्यांचं डालगं. वाटेत जंक्शन नावाचं गाव लागलं. मी हौसेनं रेल्वे शोधली. मला तरी रूळ दिसले नाहीत. "नाव जंक्शन, मग गाडी कुठं जाते?" मी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "हीच की गाडी! बसलाय न्हवं तुमी?"

तिथून पुढं रस्ता कालव्याशी लपंडाव खेळतो. एका बाजूला ऊस डोक्याच्या वर, हिरवागार. मग ऊस विरळ होत जातो, ज्वारी दिसायला लागते, आणि मग मोकळं माळरान आणि मेंढरं. पाणी कुठपर्यंत येतं आणि कुठं थकतं, ते जीपमधून बसल्या बसल्या वाचता येत होतं. लता मला बोटानं दाखवत होती: "हितनं पुढं आमी टेलवाले."

उतरल्यावर चारीच्या कडेनं चालायचं होतं. चारी म्हणजे कालव्यातून शेताकडे नेणारा छोटा पाट. माझ्या चपला पुण्याच्या, फरशीवर चालायच्या. व्हायचं तेच झालं. पाय सरकला आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात. बांधावर गवत कापणाऱ्या बायका धावत आल्या, मला ओढून काढलं, आणि एक म्हातारी लताला म्हणाली, "अगं, तुज्या मॅडमचा उजवा पाय डाव्यात गेला की!" मी निरवांगीत पोचायच्या आधीच हे वाक्य तिथं पोचलं होतं. एक चप्पल मात्र गेली ती गेलीच.

आबांचं घर साधं, पत्र्याचं, पुढं मोठं अंगण. आबा सत्तरीचे, उंच, खांद्यावर घोंगडं. त्यांच्या तरुणपणी घरचा मेंढरांचा कळप होता. त्यामागं चार महिने कोकणात, मग परत. आता कळप नाही, शेती आहे, मुलगा लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीनं कामाला जातो. या घरात पाळी हा शब्द दिवसभर कानावर येई. कारखान्याची पाळी, पाण्याची पाळी, दळणाची पाळी. लताचा नवरा पाळीवरून आला, मला नमस्कार केला आणि बायकोला म्हणाला, "मी मधी न्हाय. आबा आन् तू बगा." मला त्याचा थोडा रागच आला, पण मग त्यानं बाजारातून माझ्यासाठी रबरी चपला आणल्या, तेव्हा गेला.

आमच्याकडे पुण्यात पाहुणा आला की बसायच्या आत विचारतात, कसं काय येणं केलंत? आबांनी मला आधी पाणी दिलं, गूळ दिला, जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, आणि हुलग्याचं माडगं, गरम, वाटीनं प्यायचं. मी तीन वाट्या प्याले. हात धुऊन झाल्यावर मग आबा म्हणाले, "हां. आता सांगा, बाई. कशापायी आलाय?"

"लताच्या पेपरसाठी," मी म्हणाले.

"त्ये उद्या," आबा म्हणाले. "घरात बोललो तर सुनंची बाजू घेतली म्हणतील. देवळापुढं बोला." त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं. लता माझं ताट उचलताना हळूच म्हणाली, "आबांनी कधी म्हटलं न्हाय की वाचतो. पर अंक आला की चष्मा शोधत्यात."

निरवांगी, देवळापुढं

दुपार कलल्यावर माणसं जमली. बिरोबाच्या देवळापुढं घोंगडी अंथरली होती. बायका एका अंगाला, पण बऱ्याच. तात्या आले आणि मला लताच्या अंकातल्या त्या शब्दाचा उलगडा झाला. तात्या खरोखरच वजनदार होते. दोघांची जागा अडवून बसले आणि लगेच सुरू झाले.

"घरातली सून घरच्या माणसाला पेपरात घालती! डेअरीवर जायची सोय राहिली न्हाय. परवा गेलो तर म्हणत्यात, तात्या, दुधाच्या काट्यावर बसा, बगू किती वजनदार हाय! दादा, ह्यो पेपर आजपासनं बंद," ते आबांकडे वळून म्हणाले.

लोक हसले. तात्यांचे कान लाल झाले. तेव्हा मला कळलं की पाण्याचं राहू दे, माणसाला खरं लागलंय ते हे. लताही चपापली. "तात्या, मी मोठा शेतकरी ह्या अर्थानं लिवलं वो," ती म्हणाली, पण तिचं ऐकतंय कोण!

आबांनी हात वर केला. "पुण्याच्या बाई आल्यात. सून म्हणती, त्यांच्याकडं अमेरिकेच्या पेपरची कथा हाय. आदी ती ऐकू, मग बंद करायचं का न्हाय त्ये ठरवू."

मी उभी राहिले. सवयीनं म्हणाले, "या मासिकाच्या वैचारिक पार्श्वभूमीचा विचार करताना..."

"बाई," आबांनी मला तिथंच अडवलं, "आदी सुंबरान मांडा."

धनगरी ओवी सुरू करताना आधी देवांची, गावांची, माणसांची आठवण काढतात, त्याला सुंबरान मांडणं म्हणतात. कुणाला स्मरून कथा सांगतोय, ते पहिलं सांगायचं. माझ्याकडे आठवायला देव नव्हते. पण मग मी डोळे मिटले आणि ती गठ्ठ्यांतली माणसं आठवली. एक छापखान्यातला कामगार. एक शाळेतली बाई. मोठ्या तळ्याकाठचं थंड शहर, बेकरीच्या वरची एक खोली, खालून येणारी पावाची ऊब, कारण खोलीत शेगडी पेटवायला कोळसा नसे. मी एकेकाला आठवत गेले आणि समोरून माणसं "हां" म्हणत गेली. प्रत्येक वाक्याला हां. पुण्यात मला आयुष्यात कुणी असा हुंकार दिला नव्हता. माझा आवाजच बदलला.

मी सांगितलं की त्यांनी मजुरांचं लिहिलं. लढाई नको म्हणून लिहिलं, तर निम्मे वाचक सोडून गेले. अंक पोचवायला कुणी तयार होईना, तर वाचकच गठ्ठे घेऊन घरोघर गेले. संपादक आपसात इतके भांडले की दोघांनी खोलीच्या मधोमध पडदा लावला आणि दोन्ही बाजूंनी एकच मासिक काढलं. इथं बायका खूप हसल्या. घराघरांत ते चालू असावं.

"आन् बंद करायला कोण आलं?" आबांनी विचारलं.

"ज्या बाईची ती खोली होती, तीच आली. एका गिरणीची मालकीण. तिनं खोली फुकट दिलेली, आणि मासिकानं तिच्याच गिरणीतल्या मजुरांचे हाल छापले. छत्री आपटत जिना चढली. म्हणाली, माझ्या छपराखाली बसून माझ्यावरच लिहिता? चालते व्हा."

"मग?"

"मग त्या शाळेतल्या बाईनं तिला खुर्ची दिली, कागद दिला. म्हणाली, तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा. आमचं जिथं छापलं तिथंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापू. तिनं लिहिलं. त्यांनी छापलं. पुढं ती बाई वर्षानुवर्षं भांडत राहिली, आणि मासिकही तिच्याच खोलीत राहिलं."

आबा घोंगड्याची दशी वळत होते. "म्हंजी जिच्यावर लिवलं, तिलाच पान दिलं?"

"हो."

"लता," आबा म्हणाले. तिच्या नावानं. "कागद घे. तात्या, बोल."

तात्या गडबडले. त्यांना ओरडायचं होतं, लिहून द्यायचं नव्हतं. पण सगळं गाव बघत होतं. घसा खाकरून म्हणाले, "लिव. वजनदार ह्यो शब्द मागं घ्यावा."

लतानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "'वजनदार हा शब्द मागे घ्यावा.' घेतला, तात्या. चुकलंच माझं."

तात्या थोडे सैल झाले. "आता लिव. सायफन टाकला. व्हय, टाकला. का टाकला त्ये बी लिव. माझ्या वावराला जाणारी चारी निम्मी गाळानं भरलीया, पाळीला पाणी चढतच न्हाय. ऊस वाळताना बगत बसू व्हय?"

लता वाचत गेली. "'म्हणून पाणी चोरलं'..."

"ए, चोरलं कुठं म्हणलो मी? घेतलं लिव, घेतलं!"

"'म्हणून पाणी घेतलं.' कुणाच्या पाळीतलं, तात्या?"

तात्यांनी खाली बघितलं. शेवटी म्हणाले, "टेलच्या लोकांच्या. लिव त्ये. माझंच म्हणणं हाय तर माझ्याच तोंडनं जाऊ दे."

बायकांच्या बाजूनं ती चारीजवळची म्हातारी उठली. "आरं, मग चारी उपसा की! आमच्या खाली बी गाळच हाय. सगळ्यांनी मिळून फावडी मारली तर व्हतंय." कुणी म्हणालं बुधवारी, कुणी म्हणालं बाजाराचा दिवस सोडून, आणि पेपर बंद करायला बसलेली माणसं चारी कधी उपसायची यावर भांडायला लागली. आबांनी ते चालू दिलं. मग पुन्हा हात वर केला.

"चारीचं ठरलं. पर आपण बसलोय पेपरापायी. त्यो बंद करायचा का न्हाय? तात्या, तूच सांग. तुझी तक्रार."

लतानं पेन घट्ट धरलं होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आता बंद?" तात्या उसळून म्हणाले. "आन् माझं छापून यायचंय त्ये? ह्या अंकात पहिल्या पानावर आलं पायजे, दादा! सांगून ठेवतो!"

सगळं देऊळ हसलं. तात्यांना काय झालं ते कळायला जरा वेळ लागला, मग तेही हसले, पोट हलवत. लता हसली नाही. ती कागद छातीशी धरून ढसाढसा रडली, आणि आबांनी चष्मा काढून तो उगाचच पुसला. मी तर उघड रडले. माझं व्याख्यान शेवटपर्यंत कुणी ऐकलं होतं आणि त्यातून काहीतरी झालंही होतं. एका दिवसात एवढं सुख माणसाला झेपत नाही.

पुणे

तीन आठवड्यांनी टपालानं अंक आला. पहिल्या पानावर तात्या, संपूर्ण. त्याखाली चारी उपसल्याची बातमी, आणि या पाळीला पाणी पूर्वीपेक्षा बरंच खाली गेलं, शेवटची दोन शेतं मात्र अजून राहिली, असं लतानं लिहिलं होतं. मागच्या पानावर, हरवलेल्या शेळीच्या वर, एक चौकट होती: 'अमेरिकेची बातमी. तिकडील डाव्यालाही टेलपर्यंत पाणी पोचत नाही, असे पुण्याच्या मॅडमनी सांगितले. त्यांनी आधी चारी उपसावी, असे तात्यांचे मत आहे.'

यजमानांना वाचून दाखवलं. ते जागेच होते. मग मी कागद ओढला आणि त्या मासिकाच्या संपादकांना तात्यांचं मत इंग्रजीत कळवलं. आमचं पान आहे, छापा म्हटलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.